टोकन घेतल्यावर गाडी गरम झाली, तर फोन आधी करावा की इंजिन आधी खोलावं?

अमळनेरच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांची 2014 सालची डिझेल सेडान, जळगाव पासिंग, एमएच-19. शहाद्याच्या एका पपई-उत्पादक शेतकऱ्याशी 3 लाख 60 हजारांना सौदा ठरला. 25 हजार टोकन मिळालं, साध्या कागदावर पावती झाली, त्यात लिहिलंय, ‘बाकी रक्कम मिळाल्यावर गाडी व कागदपत्रे ताब्यात देईन’. ताबा द्यायला आठ दिवस बाकी. तेवढ्यात लग्नाला संभाजीनगरला जाताना कन्नडच्या घाटात तापमानाचा काटा वर गेला, लाल लाईट पेटली, आणि गाडी टो करून परत आणावी लागली. गावातला मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, उडालं. शेजारचे म्हणतात, रेडिएटरमध्ये लिकेजची पावडर टाका, आठ दिवस निघतील, देऊन मोकळे व्हा. सर विचारतात: काय करू? आणि ताबा दिल्यावर महिनाभरात आणखी काही निघालं तर माझी जबाबदारी कितपत?

सर, आधी शहाद्याला फोन करा. आजच. इंजिन खोलण्याच्या आधी. बाकी जे लिहितोय ते हा फोन झाल्यावर काय करायचं याबद्दल आहे.

मी धुळ्यात 27 वर्षं गॅरेज चालवतो आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे सौदे डोळ्यांसमोर होताना पाहतो. अशा वेळी बहुतेक लोक उलट करतात. घाबरून आधी गाडी खोलतात, खर्च करतात, आणि मग घेणाऱ्याला सांगायचं की नाही यावर घरात खल सुरू होतो. आपल्या भागात जुन्या डिझेल गाडीची किंमत एका शब्दावर ठरते: ‘इंजिनला हात लागलेला नाही’. 2020च्या एप्रिलात बीएस-6, म्हणजे धुराचे कडक नियम, आलं, छोट्या डिझेल गाड्या बहुतेक कंपन्यांनी बंद केल्या, तेव्हापासून असं न उघडलेलं डिझेल इंजिन म्हणजे सोनं. एकदा हेड उतरवलं की काम कितीही चोख झालं तरी गाडी ‘खोललेली’ होते. समोरच्याने न उघडलेल्या इंजिनाचा भाव ठरवलाय. त्याला न विचारता तुम्ही उघडलं, तर दुरुस्ती चांगली झाली असली तरी त्याने ठरवलेली वस्तू ती राहत नाही.

आता गाडीकडे येऊ. ‘गॅस्केट उडालं’ हे आपल्याकडे निदान कमी आणि सवय जास्त असते. गाडी घाटात गरम झाली एवढ्यावरून ते ठरत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या घरात असतो, एसी चालू, गाडीत पाच माणसं, वर चढ, आणि वेग कमी म्हणून समोरून वाराही नाही. अशा वेळी रेडिएटरचा पंखा फिरला नाही तरी काटा वर जातो. पंख्याचा रिले किंवा फ्यूज गेला असेल, थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान राखणारी झडप) अडकला असेल, होज पाईपला चीर असेल, वॉटर पंप गळत असेल, नाहीतर कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचं झाकण दाब धरत नसेल. झाकणाचं लोकांना खरं वाटत नाही, पण ते दाब धरतं म्हणूनच आतलं पाणी 100 अंशांवर उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की पाणी लवकर उकळतं आणि टाकीतून बाहेर फेकलं जातं. ही सगळी कामं हेड न उतरवता होतात.

आपल्या खानदेशातला खास रोग मात्र वेगळाच: बोअरचं पाणी. कुलंट कमी झालं की नळाचं, बोअरचं, कधी शेतातल्या हौदातलं पाणी ओतायचं. आपलं पाणी जड. त्यातले क्षार तापलेल्या भागावर बसत जातात. रेडिएटरच्या नळ्या आतून कशा अरुंद होतात ते पाहायचं असेल तर घरातल्या जुन्या गिझरची कॉइल बघा. सर, तुम्हीही हेच केलं असेल तर संकोच करू नका, निम्म्या जिल्ह्याने केलंय. पण मिस्त्रीला खरं सांगा. कारण रेडिएटर चोंदलेला असेल आणि नुसतं गॅस्केट बदललं, तर पुढच्या मेमध्ये नवं गॅस्केटही जाईल, आणि तेव्हा गाडी शहाद्याच्या माणसाच्या दारात असेल.

आणखी एक सवय. काही मिस्त्री ‘आपल्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला’ म्हणून तो काढूनच टाकतात. मला हे मुळीच पटत नाही. इंजिन ठरावीक तापमानावर चालायला हवं. सतत थंड चाललं तर डिझेल जास्त खातं, झिजतंही जास्त. तुमच्या गाडीतला थर्मोस्टॅट जागेवर आहे का, तेही बघून घ्या. घेणाऱ्याचा मिस्त्री बघणारच.

हेड गॅस्केट खरंच गेलंय का, हे रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर कळतं. सकाळी टाकीचं झाकण उघडून इंजिन चालू करा आणि पाण्याकडे बघा. अडकलेली हवा निघून गेल्यावरही बुडबुडे सतत येत राहिले, आणि झाकण लावून चालवल्यावर इंजिन कोमट व्हायच्या आत वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. बऱ्या गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी असते. टाकीच्या तोंडाशी ते भांडं धरतात, जळालेला वायू आला की निळ्याचं हिरवट-पिवळं होतं. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, डिपस्टिकवर दूध घातलेल्या चहासारखं ऑइल, याही खुणा आहेत. पण ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका, हिवाळ्यात रोज दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीतही ती दिसते. एका खुणेवर हेड उतरवू देऊ नका. गाडी गॅरेजला न्यायला टोवालाच बोलवा, चालवत नेऊ नका. आणि मिस्त्रीने विचारलं नाही तरी सांगा, लाईट पेटल्यावर तुम्ही किती अंतर गाडी चालवली. लगेच थांबलात की ‘वर टपरी आहे, तिथपर्यंत जाऊ’ म्हणून आणखी तीन किलोमीटर चढलात? खर्च 15 हजार की 40 हजार, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. हेड सहसा अॅल्युमिनियमचं असतं, ब्लॉक बहुधा बिडाचा. जास्त तापलं की हेड वाकतं. मग लेथवर नेऊन फेस मारावा, म्हणजे पृष्ठभाग सपाट करावा, लागतो, आणि तडा गेला असेल तर हेडच बदलावं लागतं. हेड उतरवलंच तर बोल्ट नवे टाकायला सांगा. बऱ्याच आधुनिक इंजिनांचे बोल्ट एकदा ओढ घेतात आणि दुसऱ्यांदा तेवढे धरत नाहीत. मिस्त्री म्हणेल, ‘जुनेच चालतील भाऊ’. नाही चालत.

आता शेजाऱ्यांची पावडर. त्यावर मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. गॅरेज नवीन होतं तेव्हा एका ओळखीच्या माणसाने जीप विकायला काढली. इंजिन धूर मारत होतं. त्याच्या सांगण्यावरून मी त्यात जाड ऑइल भरलं, धूर बसला, सौदा झाला. दोन महिन्यांनी नेमका घेणारा ती जीप माझ्याकडेच घेऊन आला. साक्रीकडचा साधा माणूस, अहिराणीत म्हणाला, ‘भाऊ, दखा ना, हाई काय शे?’ मी बघायचं नाटक केलं. त्याचं इंजिन मी कमी पैशात बांधून दिलं, का कमी ते त्याला कळलं नाही. तेव्हापासून विकायच्या गाडीत काही ‘टाकून द्या’ म्हणणाऱ्याला मी दुसरं गॅरेज दाखवतो.

आणि पावडर यांत्रिकदृष्ट्याही वाईटच. ती गळती शोधून नेमकी तिथेच बसत नाही, जिथे जागा अरुंद तिथे बसते. क्षारांनी आधीच चोंदलेल्या रेडिएटरमध्ये आणि केबिनच्या हीटरच्या नळ्यांत जाऊन बसेल. मग गॅस्केटच्या खर्चात रेडिएटरचाही खर्च आला.

कायद्याच्या बाजूनेही पावडरीचं पाऊल वाईट आहे. मी वकील नाही, पण या धंद्यात एवढं कळायलाच लागतं. 1930चा वस्तू विक्री कायदा तुमच्यासारख्या खासगी विकणाऱ्याला बरंच सांभाळून घेतो. त्याच्या कलम 16 नुसार मालाच्या दर्जाची आपोआप हमी मुख्यतः त्या मालाचा व्यापार करणाऱ्यावर येते. घरची एक गाडी विकणाऱ्यावर ती तशी येत नाही, घेणाऱ्याने बघून घ्यावं हाच नियम. पण 1872च्या करार कायद्याचं कलम 17 म्हणतं की माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं ही फसवणूक. नुसतं गप्प बसणं सहसा फसवणूक धरत नाहीत, पण पावडर टाकून गळती बंद केली तर ते गप्प बसणं राहत नाही, ते लपवणं होतं. शांत राहून चूक झाली, तर ‘तुम्ही नीट बघितलं असतं तर कळलं असतं’ असा बचाव कलम 19 मध्ये काही प्रमाणात आहे. मुद्दाम लपवलेल्याला तो मिळत नाही. फसवणुकीची फौजदारी तक्रार झाली तर ती जुन्या 420 ऐवजी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली. इथवर प्रकरण क्वचित जातं, पण शहाद्याहून चार माणसं गाडीत बसून अमळनेरला तुमच्या शाळेच्या दारात येणं मात्र क्वचित नाही.

तर फोन. फोनवर गोलगोल बोलू नका. ‘थोडं काम निघालंय’ म्हणाल तर समोरचा लगेच समजतो की मोठं काम आहे. असं सांगा: घाटात गाडी गरम झाली, टो करून आणली, मिस्त्री गॅस्केट म्हणतोय पण अजून खात्री नाही, इंजिन उघडलेलं नाही. सौदा मोडायचा असेल तर 25 हजार उद्या परत करतो. आणि घ्यायचीच असेल तर तुमचा मिस्त्री घेऊन या, त्याच्यासमोर बघू. टोकन परत करायची तयारी पहिल्याच वाक्यांत दाखवा. मी पाहिलंय, ती दाखवली की दहातले सात जण टोकन मागत नाहीत, बोलायला बसतात. पैसे अडकले असं वाटलं की मात्र माणूस आडवा पडतो.

टोकन परत करायची गरजच काय, असं घरचे म्हणतील, ‘त्याने गाडी बघून पैसे दिलेत’. तुमच्या पावतीत बाकी रक्कम मिळाल्यावर ताबा देईन असं आहे. मालकी केव्हा जाते हे त्याच वस्तू विक्री कायद्यात दोघांच्या इराद्यावर ठरतं, आणि इरादा इथे सरळ दिसतोय: पैसे आणि ताबा एकाच वेळी. जोखीम मालकीसोबत जाते. म्हणजे घाटात गाडी गरम झाली तेव्हा ती तुमचीच होती. लग्नाला ती नेलीत हेही तुमचंच. टोकन झाल्यावर गाडी लांब नेऊ नये हे आता सांगून उपयोग नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

तो घ्यायला तयार झाला तर दोन रस्ते उरतात. काम छोटं निघालं, म्हणजे पंखा, थर्मोस्टॅट, पाईप, पंप, तर तुमच्या खर्चाने करून द्या, बिल गाडीसोबत द्या, भाव तोच. यात घासाघीस करू देऊ नका. गॅस्केटच निघालं तर मी दुरुस्ती न करता भाव कमी करून गाडी देण्याच्या बाजूचा आहे. तुम्ही केलेल्या दुरुस्तीवर तो कधीच पूर्ण विश्वास ठेवणार नाही, आणि पुढच्या वर्षी काहीही झालं तरी तुमच्याच दुरुस्तीवर येईल. त्याच्या मिस्त्रीने त्याच्या डोळ्यांसमोर काम केलं तर तो प्रश्नच मिटतो. अंदाज त्याचा मिस्त्री नेहमी फुगवूनच सांगेल, तो सोडून द्या. धुळे-जळगावला अशा इंजिनाचं गॅस्केटचं काम, फेस मारण्यासकट, सध्या 15 ते 30 हजारांत बसतं. त्यावर इंजिन खोललं गेल्यामुळे पडणारा भाव धरा. म्हणून 40 ते 50 हजार उतरलात तर नुकसान झालं असं समजू नका. 3 लाख 60 हजारांची गाडी 3 लाख 15 हजारांना, बिघाड सांगून गेली, तर त्यानंतर रात्री शांत झोप लागते, आणि तिचीही काहीतरी किंमत धरा. तो 80 हजार कमी मागत असेल तर मात्र टोकन परत द्या, काम स्वतः करा, चारपाचशे किलोमीटर चालवा आणि जुनं गॅस्केट, लेथचं बिल, फोटो जपून ठेवून दुसऱ्याला विका.

कागद नव्याने करा. जुनी पावती फाडू नका, तिच्यावर ‘रद्द’ लिहून दोघांच्या सह्या घ्या. नव्या पावतीत बिघाड स्पष्ट शब्दांत येऊ द्या: अमुक तारखेला गाडी गरम झाली, हेड गॅस्केटमध्ये दोष असल्याचं खरेदीदाराला सांगितलं, त्याच्या मिस्त्रीने तपासलं, त्यामुळे किंमत कमी केली. ‘जशी आहे तशी’ हे तीन शब्द लोक मंत्रासारखे लिहितात. तुम्हाला माहीत नसलेल्या दोषांपुरतं त्यांना वजन आहे. माहीत असून न सांगितलेल्या दोषापुढे ते टिकत नाहीत. म्हणून दोष लिहिणं हेच तुमचं संरक्षण.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. ताबा दिल्यावर बाराव्या दिवशी क्लचप्लेट गेली, विसाव्या दिवशी बॅटरी बसली, तर तुम्ही देणं लागत नाही. दहा वर्षांहून जुन्या गाडीचा क्लच जातोच. पण सौद्याच्या वेळी व्हॉट्सअॅपवर काय लिहिलं होतं ते उघडून बघा. ‘शोरूम कंडिशन’, ‘एक रुपयाचं काम नाही’, असलं काही लिहिलं असेल, तर ते तुमचं विधान आहे आणि कोर्टात ते कौतुक म्हणून वाचत नाहीत. आणि आपल्या खानदेशी सवयीप्रमाणे ‘काही झालं तर मी बसलोय ना’ असं तर अजिबात म्हणू नका. समोरचा ते शब्दशः घेतो. फोन आला तर उचला, आपला मिस्त्री सुचवा, पार्ट कुठे स्वस्त मिळेल ते सांगा. पैसे देऊ नका. एकदा क्लचचे दोन हजार दिले की टायरही तुमच्याकडे येतात. तुम्ही लपवलेलं निघालं तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही लपवणार नाही आहात.

गॅस्केटपेक्षा मला खरी काळजी वाटते ती आरसी बुकावरच्या नावाची. इंजिनावर लोक आठ दिवस चर्चा करतात आणि नाव बदलणं एजंटवर सोडून देतात. 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. फॉर्म 29 विक्रीची सूचना, फॉर्म 30 नाव बदलाचा अर्ज. कर्ज फेडलेलं असेल तर बँकेच्या फॉर्म 35 शिवाय बोजा उतरत नाही, तो आधी उतरवा. तुमचा खरेदीदार नंदुरबार जिल्ह्यातला, म्हणजे राज्याबाहेर जायचं नाही. पण नवापूर, शिरपूर, रावेरच्या लोकांना सांगतो, गुजरात-मध्य प्रदेशात गाडी जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते, ती न घेता गाडी सीमेपलीकडे जाऊ देऊ नका.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन टाकतात त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 2018चा एक निकाल आहे. एका माणसाने 2007 मध्ये गाडी विकली, ती पुढे आणखी काही हातांतून गेली, पण नाव कुणीच बदललं नाही. 2009 मध्ये तिने अपघात केला. कागदावर जो मालक, त्यालाच न्यायालयाने भरपाईसाठी जबाबदार धरलं. म्हणून बाकी रक्कम हातात येईल त्याच दिवशी दोघांनी मिळून ऑनलाइन अर्ज भरा, पावतीत ताब्याची तारीख आणि वेळही लिहा. घेणाऱ्याच्या आधारकार्डाची प्रत घ्या. थकलेली ई-चलनं आधी भरून टाका. फास्टॅग काढून बंद करा, नाहीतर शहाद्याचा माणूस सुरतला जाईल आणि टोल तुमच्या खात्यातून कटेल. विम्यात थर्ड पार्टी भाग गाडीसोबत जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग घेणाऱ्याने कंपनीत नाव बदलल्याशिवाय त्याला मिळत नाही, त्याला हे सांगून ठेवा. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांत नवी गाडी घेतलीत तर कामाला येईल. हे फार कमी लोक घेतात.

शहाद्याहून पाहुणे तपासायला येणार असतील तर सकाळी सातला बोलवा, ऊन चढायच्या आत. आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका, टाकीत पाणी भरून पातळी नीट करू नका, बॉनेट पुसूही नका. त्यांच्या मिस्त्रीला आधी इंजिनावर हात ठेवू द्या. ते थंड लागलं की त्याला कळेल, सरांनी सकाळी गुपचूप गरम करून ठेवलेलं नाही.